घरातल्या जुन्या वारकऱ्याची नोंद कशी ठेवावी? (अनुभव धागा)

प्रथम पुण्यस्मरणाला निघालेल्या दहा स्मरणिका एकत्र चाळल्या तर मजकूर सगळीकडे तोच. 'धार्मिक वृत्तीचे, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे.' नाव बदललं तरी पुस्तिका चालून जाईल. त्या माणसानं दिंडीत नेमकं कोणतं काम केलं, घरी नसताना शेत कोणी पाहिलं, देवळाचा हिशेब कुठल्या वहीत आहे, यातलं एकही त्यात सापडत नाही. आणि वर्षभरात या गोष्टी विचारायची माणसंही कमी होतात.

म्हणून हा धागा. दिंडी, सप्ताह, जुने दप्तर, कॅसेट, फोटो, छपाई यांत रोज हात असलेल्यांनी लिहावं. आपल्या घरच्या हकिकती नकोत. काम कसं करायचं, कुठे बिघडतं आणि का, एवढंच. विशेषणं वगळली तरी चालतील.

दिंडीतले विणेकरी

'पन्नास वर्षं वारी केली' हे वाक्य कागदावर काहीच सांगत नाही. पहिला प्रश्न: कोणाच्या पालखीबरोबर, कोणत्या दिंडीत, दिंडीचा नंबर किती, रथापुढे की रथामागे? माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या मागे. नंबर आणि बाजू कळली की फड (वारकऱ्यांची परंपरेनं चालत आलेली शाखा) कळतो, फड कळला की भजनाची पद्धत, आणि माळ कोणाकडून घेतली हेही बहुधा तिथूनच सापडतं.

दुसरा प्रश्न: दिंडीत चालायची जागा कोणती? पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, पाठीशी विणेकरी, त्यांच्यामागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. टाळकऱ्यांतही पहिल्या रांगेत उभा राहणारा आणि चौथ्या रांगेतला यांचं काम एक नाही. पुढचा चाल उचलतो, मागचा धरून ठेवतो. आजोबा चाल सांगणारे होते की धरणारे, हे त्यांच्या शेजारच्या टाळकऱ्यालाच विचारा. घरच्यांना सहसा ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे पाठ. काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, वाराचे अभंग, हरिपाठ. यातलं कोणतं त्यांना पुस्तकाशिवाय येत होतं? 'सगळं पाठ होतं' असं उत्तर आलं तर मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या अभंगांबद्दल वेगवेगळं विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

समाजआरतीचंही विचारून घ्या. मुक्कामाच्या तळावर चोपदारांनी (सोहळ्याची शिस्त राखणाऱ्यांनी) चोप म्हणजे हातातला दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात आणि गाऱ्हाणं ऐकतात. दिंडीच्या वतीनं ते गाऱ्हाणं कोण मांडायचा? ज्याच्यावर ते काम असतं तो दिंडीतला वजनदार, पण तोलून बोलणारा माणूस. आजोबा तो असतील तर हे एक वाक्य पानभर स्तुतीपेक्षा जास्त सांगतं.

दिंडीची कोठी सांभाळणारे

विणेकऱ्यांनी भजनाचं लिहिलं, मी भांड्यांचं लिहितो. पुष्कळ जुनी माणसं कधी विण्याला उभी राहिली नाहीत. त्यांची सेवा ट्रकमध्ये आणि चुलीशी झाली. स्मरणिकेत त्याला 'अन्नदानाची आवड' म्हणून उरकतात. त्याऐवजी त्यांची कोठीची (शिध्याच्या साठ्याची) वही शोधा.

१५० माणसांच्या दिंडीचं साधं गणित असं: सकाळी पोहे माणशी ६० ग्रॅम, म्हणजे ९ किलो. एका जेवणाला चपातीचं पीठ माणशी १५० ग्रॅम धरून २२-२३ किलो, तांदूळ १५ किलो, तूरडाळ साडेसात किलो. चहाच्या एका फेरीला साखर दीड ते पावणेदोन किलो. हे कुणीही मांडेल. कोठीवाल्याची अक्कल लागते ती पुढे. वेळापूरनंतर माणसं वाढतात, कारण गावाकडून शेवटचे दोन-तीन मुक्काम चालायला लोक एसटीनं येऊन मिळतात. तेव्हा शिधा चौथाईनं तरी वाढवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच वाटेतल्या दुकानांत माल संपलेला असतो. म्हणून जाणता कोठीवाला माळशिरसच्या आधीच भर घालून ठेवतो. वाटेत ज्येष्ठ वद्य एकादशी येते. साबुदाणा माणशी ७५ ग्रॅम धरला तर ११ किलोच्या वर जातो आणि तो आदल्या रात्री भिजला पाहिजे. ट्रक गर्दीत अडकून उशिरा पोचला की साबुदाणा कोरडा राहतो आणि सकाळी खिचडीऐवजी शेंगदाणे-गूळ वाटायची वेळ येते.

वहीत आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात काहीबाही असतं: कुणाच्या रानात राहुट्या लावल्या, पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या गावी कोण पीठ दळून देतं, कुणी पैसे घेतले नाहीत. पाहुणे ते 'किरकोळ' म्हणून वगळतात. खरं तर हीच त्या माणसानं चाळीस वर्षांत जोडलेली माणसं. पुढच्या वर्षी दिंडीला जागा मिळेल की नाही, हेही त्याच नोंदींवर ठरतं. स्मरणिकेत छापा किंवा छापू नका, पण दिंडीचालकाला झेरॉक्स द्या.

भिशीच्या (दिंडीत जेवणखाण्यासाठी भरायच्या वर्गणीच्या) नोंदीत कुणाचं नाव असून रक्कम नसेल तर ते देणं चुकलेलं आहे असं समजू नका. ज्याला परवडत नाही त्याचं नाव लिहून रक्कम कोरी ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. अशी पानं छापू नयेत.

जुनं दप्तर वाचणारे

तारखांचा घोळ सगळ्यात मोठा, म्हणून जरा सविस्तर.

जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी नाही असं समजून चाला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय अंदाजे असायचं, गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रभर एका पिढीचा वाढदिवस याच दिवशी येतो. खरं साल हवं असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा, पण त्यातही तोच अंदाज उतरलेला असतो. त्याहून बरा पुरावा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतं. अडचणी दोन. जुनी पानं मोडीत आहेत, आणि जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' एवढंच. म्हणून आधी भावंडांचा क्रम पक्का करा, मग कितवा मुलगा ते जुळवा. क्रम न लावता गेलात तर लहानपणी गेलेल्या थोरल्या भावाची तारीख आजोबांना चिकटते. हे वारंवार होतं.

मराठवाड्यातल्या घरांत फसली (निजामाच्या महसुली कारभारातलं) साल आढळेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक महिन्यावर अवलंबून. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. कागद उर्दूत असेल तर वाचणारा मिळेपर्यंत अर्थ लावू नका.

शक साल लिहिलं असेल तर पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. पोथीच्या शेवटी नुसतं संवत्सराचं नाव असेल तर ६० वर्षांचं चक्र आठवा. विश्वावसु संवत्सर म्हणजे शके १९४७ (२०२५-२६), पण शके १८८७ (१९६५-६६) सुद्धा विश्वावसुच. कोणतं ते शाई, कागद आणि लिहिणाऱ्याच्या वयावरून ठरवायचं.

तोंडी आठवणीत साल नसतं, प्रसंग असतो. हे टेकू वापरा: पानशेत फुटलं १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. 'बहात्तरच्या दुष्काळात माळ घातली' म्हणाले तर सावध राहा. लोकांच्या बोलण्यातला बहात्तरचा दुष्काळ ७३ च्या पावसापर्यंत चालतो. खडी फोडायला जायचे तेव्हा की त्याच्या आधी, असा पोटप्रश्न विचारला की साल उलगडतं.

वाऱ्यांची संख्या छापण्यापूर्वी एक चाळणी लावा. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झालीच नाही; पादुका एसटीनं पंढरपुरात गेल्या. त्यामुळे 'खंड न पडता ६१ पायी वाऱ्या' असा आकडा त्या दोन वर्षांवरून जात असेल तर वाचणारा वारकरी लगेच पकडतो. 'त्या दोन वर्षी घरीच नेम केला' असं लिहा. उलट १९९६ आणि २०१५ मध्ये अधिक आषाढ होता, पण वारी निज आषाढातलीच. त्या वर्षांच्या दोन मोजू नका.

निधनाची तिथी इंटरनेटवरून घेत असाल तर पंचांग कुठलं ते बघा. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपला ज्येष्ठ वद्य पक्ष त्यांच्याकडे आषाढ कृष्ण म्हणून दिसतो. पत्रिकेवर महिना चुकला की पुण्यतिथीच एक महिना पुढे सरकते. आणि निधन अधिक महिन्यात असेल तर पुढच्या वर्षी त्याच नावाच्या साध्या महिन्यात ती तिथी धरतात.

सप्ताहाचं नियोजन करणारे

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात आजोबांचं काम काय, हे शोधायला कीर्तनकारांची यादी उपयोगाची नाही. पहाऱ्याचा तक्ता शोधा.

सात दिवस विणा खाली ठेवत नाहीत. १६८ तास, दोन-दोन तासांचे पहारे धरले तर ८४ वेळा विणा हातातून हातात जातो. देणारा नि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि पुढचा उभा राहतो. संध्याकाळच्या पहाऱ्यांना नावं द्यायला रांग लागते. रात्री १२ ते २ आणि २ ते ४ ही घरं मात्र रिकामी असतात, आणि दर वर्षीच्या तक्त्यात तिथे तीच चार-पाच नावं फिरत राहतात. आजोबांचं नाव २ ते ४ मध्ये सलग दिसलं तर त्यांची सेवा काय होती ते समजलं.

तक्ते सहसा देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहितात आणि पुसतात, पण वर्गणीच्या पावती पुस्तकात किंवा जुन्या छापील पत्रिकेच्या पाठीवर नक्कल सापडते.

पारायणाचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत बसवायच्या म्हणजे रोज तेराशेच्या आसपास, आणि एकट्या अठराव्या अध्यायाला १८०० च्या वर. व्यासपीठ चालवणाऱ्याला, म्हणजे पारायणाचं वाचन पुढे नेणाऱ्याला, पहिल्या चार दिवसांत वेग राखावा लागतो, नाहीतर शेवटी रात्रीपर्यंत वाचन जातं आणि म्हातारी माणसं उठून जातात. आजोबा व्यासपीठ चालवत असतील तर त्यांच्या ज्ञानेश्वरीत रोज कुठे थांबायचं त्याच्या खुणा असतील. शेंदराची बोटं, मोरपीस, दोऱ्याचा तुकडा, काहीही. त्या पानांचे फोटो काढल्याशिवाय पोथी झटकू नका.

आवाजाचं काम करणारे

कॅसेटबद्दल सांगतो. घरात आजोबांच्या भजनाची कॅसेट असेल तर पहिल्यांदा ती वाजवून बघू नका. आधी वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या तोडलेल्या आहेत का बघा; नसतील तर तोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग खालच्या बाजूला मधोमध स्पंजाची छोटी गादी असते ती जागेवर आहे का पाहा. डिंक वाळून ती गळून पडते, आणि मग आवाज दबका येतो. लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप चांगली असते. दुसऱ्या रिकाम्या कॅसेटचं कवच उघडून त्यात रीळ बदलायचं.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप चिकटलेली असते. थेट वाजवली तर ताणली जाते. प्लेअरचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबर चिकट झालं असेल तर टेप गुंडाळून घेईल, तो प्लेअर वापरूच नका. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला काढा. एका बुरशीच्या कॅसेटनं हेडमार्फत बाकीच्यांनाही लागण होते.

सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटं. २४ बिट वेव्हमध्ये साठवली तर एका बाजूला ७०० एमबीच्या आसपास लागतात. एमपी-३ व्हॉट्सॲपसाठी नंतर करा, मूळ वेव्हच ठेवा. आवाजाची पातळी अभंगावर ठरवू नका. 'ज्ञानोबा तुकाराम' गजराला सगळे टाळ एकदम वाढतात तिथे कॅसेट नेऊन काटा बघा आणि तिथे फाटणार नाही एवढं ठेवा.

आता वेगाची गोष्ट. आजोबांचा आवाज 'जरा लहान मुलासारखा' वाटतोय असं घरचे म्हणतात तेव्हा मूळ रेकॉर्डिंग संपत आलेल्या सेलवर झालेलं असतं. तेव्हा टेप हळू फिरली, आज नीट फिरते, म्हणून स्वर चढतो. पेटी मदतीला येते. पेटीचा सूर पट्टीवर असायला हवा. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर वेग चुकलेला आहे. अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के वेग. दिंडीतल्या जुन्या माणसाला विचारा, आजोबा काळी एकला गायचे की पांढरी चारला, आणि त्यावर बसवा. सेल उतरत गेलेले असतील तर शेवटाकडे फरक वाढतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी तपासा.

आवाज 'स्वच्छ' करणाऱ्या सॉफ्टवेअरनं टाळ हा खरखराट समजून पुसला जातो. भजनावर ते वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखती घेणारे

सोबत्यांना 'आजोबांबद्दल सांगा' म्हटलं की ते भाषण करतात. सालवारही विचारू नका. मुक्कामवार विचारा. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. देहूची पालखी असेल तर लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज असं. 'दिवेघाटात कोण पुढे असायचं?', 'नीरेच्या स्नानाला कपडे कोण सांभाळायचं?' जागेचं नाव घेतलं की आठवण आपोआप सुटते.

दोन मोबाइल लावा, विमान मोडवर, एक बोलणाऱ्याच्या छातीजवळ. पंखा बंद. तासाभरापेक्षा जास्त बसू नका. सगळ्यांना एकत्र बसवलं तर एकच जण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणून घ्या. फाइलची नावं पुढे बदलतात.

घराण्यांची नोंद ठेवणारे

वंशावळ हवी असेल तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात हेळवी (गावोगाव फिरून वंशावळ सांगणारे) येतात त्यांची वाट बघा. त्यांच्याकडे पिढ्यांची नावं वहीत असतात. सुगीनंतर ते फिरतात, त्यामुळे वर्षाच्या मध्ये धावपळ करून उपयोग नाही. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की पूर्वज कधी आले, बरोबर कोण होतं हे निघतं, कधी सही किंवा अंगठाही. गावाचं नाव बदललं असेल तर जुनं नाव विचारून जा.

पण या दोन्हीकडे बहुतेक पुरुषांची नावं. बायकांची वेगळी जुळवावी लागतात, आणि इथे स्मरणिकांचं मला फार खटकतं. वारी येते ज्येष्ठ-आषाढात. पेरणी येते ज्येष्ठ-आषाढात. आजोबा १८-२० दिवस बाहेर आणि परतवारी पायी केली तर आणखी दहा-अकरा. मग पाभर (पेरणीचं अवजार) कोणी धरली? बी कोणी राखलं? गाभण गाय कोणी पाहिली? आजी, थोरली सून, धाकटा भाऊ, सालगडी, यांपैकी कुणीतरी. ते नाव आजोबांच्या वारीच्या पानावरच आलं पाहिजे, शेवटी आभाराच्या यादीत नव्हे. आजीचं माहेरचं नाव आणि गावही त्यांच्या भावाकडून घेऊन ठेवा. सासरच्या कागदात ते क्वचित असतं.

जमिनीच्या वाटण्या, देवळाला दिलेली जागा यांसाठी फेरफार बघायचे. सातबारावर फक्त आजची स्थिती दिसते. का बदललं ते गाव नमुना ६ मध्ये. जुने स्कॅन 'आपले अभिलेख' वर बऱ्याच तालुक्यांचे आहेत.

गावचा इतिहास लिहिणारे

थोडं कडू. साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १ ते १० मे १९४७ उपोषण केलं. गावातली देवळं आणि पंगती त्यानंतरही लगेच मोकळ्या झाल्या असं नाही. आजोबा देवस्थानच्या पंचांत असतील तर पंगत कधीपासून एक झाली, कोणाच्या पुढाकारानं, कोण उठून गेलं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ज्या वस्तीला बाहेर बसावं लागायचं तिथल्या वयस्कर माणसालाही विचारा, नुसतं देवळाजवळच्या घरांना नको. उत्तर आजोबांच्या बाजूनं आलं नाही तर? काय छापायचं ते घरानं ठरवावं, पण 'सर्व जातिधर्मांना समान वागणूक' हे वाक्य तरी मग टाकू नका.

देवस्थानचे हिशेब पाहणारे

देवळाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात असेल तर परिशिष्ट १ चा उतारा काढा. त्यात विश्वस्तांची नावं, मिळकत, नोंदणीचं साल मिळतं. आजोबा विश्वस्त असतील तर त्यांच्या निधनानंतर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. पुष्कळ गावांत तो दिलाच जात नाही आणि उताऱ्यावर चार मृत विश्वस्त तसेच राहतात. मग बँक सही बदलून देत नाही, आणि जीर्णोद्धाराचे पैसे अडकतात. शोकसभेच्या ठरावाबरोबरच हा ठरावही इतिवृत्तात घ्या.

ग्रामपंचायत किंवा सोसायटीतलं काम 'सरपंच होते' एवढ्यावर संपवू नका. मासिक सभेच्या इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक लिहिलेले असतात. पाण्याची टाकी, शाळाखोली, स्मशानभूमीचा रस्ता, प्रत्येक ठरावाला सूचक कोण ते बघा. ग्रामपंचायत देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. वर्ष आणि विषय नेमका लिहा; 'सर्व ठराव द्या' म्हटलं की नकार येतो.

फोटो आणि वह्या

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कोपरे फाटतात. पानासकट स्कॅन करा. काढायचाच असेल तर दात साफ करायचा बारीक दोरा खालून सरकवा. देव्हाऱ्याजवळच्या फ्रेमला काच चिकटली असेल तर काचेवरूनच फोटो घ्या, तिरप्या उजेडात, फ्लॅशशिवाय.

साधा फोटो ६०० डीपीआयला पुरतो. पासपोर्ट फोटो पुस्तिकेच्या पूर्ण रुंदीला छापायचा असेल तर तो चौपट वाढतो, म्हणून १२०० ला स्कॅन करा. मागे बॉलपेननं नावं लिहू नका, दाब पुढे उमटतो. दिंडीच्या समूह फोटोची एक मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि ती झेरॉक्स गावात फिरवा.

अभंगाच्या वह्यांना लॅमिनेशन कधीही नाही. कसर लागली असेल तर वही वेगळ्या पिशवीत. हातानं लिहिलेला अभंग छापील गाथेशी जुळत नसेल तर तो सुधारू नका; फडाफडांत पाठ वेगळे असतात, आणि शेजारी चालीची खूण असेल तर ती तशीच उतरवा.

छपाईवाले

पानसंख्या आधी ठरवा, मजकूर मग. मधे पिन मारायची असेल तर चारच्या पटीत. फॉर्म (एकदम छापला जाणारा पानांचा संच) १६ पानांचा, म्हणून ३२, ४८ किंवा ६४ सोयीचे. ५० पानं झाली की दोन कोरी जातात आणि वेगळ्या फॉर्मचा खर्च पडतो. एक-अष्टमांश डेमी आकार, आत ७० जीएसएम मॅपलिथो, कव्हर २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्ड. रंगीत फोटो सगळीकडे न विखुरता एका फॉर्ममध्ये आर्ट पेपरवर घ्या, खूप वाचतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईला चालत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

युनिकोडचा मजकूर आम्ही जुन्या फाँटमध्ये बदलतो तेव्हा 'ऱ्य' तुटतो. 'वारकऱ्यांच्या' चं 'वारकर्यांच्या' होतं, आणि या विषयाच्या पुस्तिकेत हा शब्द पानोपानी. प्रूफमध्ये तोच आधी शोधा. मग आकडे. नावांच्या याद्या त्या-त्या वाडीतल्या माणसाकडून वाचून घ्या; घरच्यांना आपल्या घरातलीच चूक दिसते. वारकऱ्याच्या नावाआधी 'वै. ह.भ.प.' लावायचं की 'कै.', हे दिंडीवाल्यांना विचारून कव्हरवर आणि आत एकच ठेवा.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी गाठायचं म्हणून प्रूफ एकाच रात्रीत उरकू नका. किमान आठ दिवस ठेवा, आणि छपाईला देण्याआधी शेवटची पीडीएफ कागदावर काढून वाचा.

दिंडीतले विणेकरी (पुन्हा)

छपाईवाल्यांना एक जोड. चालींचं पान करणार असाल तर अभंगाचा पहिला चरण, पट्टी, आणि ती चाल आज कुणाला येते त्याचं नाव असे तीन रकाने करा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तशीच ओळ छापा. आवाजवाल्यांनी काढलेल्या वेव्ह फाइलमध्ये ती चाल कितव्या मिनिटाला आहे तेही शेजारी लिहिलं तर नव्या पोराला शोधत बसावं लागणार नाही.